सादळलेला चिवडा, खवटलेली करंजी: सातासमुद्रापार गेलेल्या फराळाचा इतिहास कसा शोधायचा

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो: "विषय किती मोठा हवा?" माझं उत्तर असतं की विषय डब्यात मावेल एवढा घ्या, पण तो डबा कुठून कुठे गेला ते शेवटपर्यंत शोधा. आज तसाच एक डबा घेऊ. दिवाळीत परदेशात लढणाऱ्या किंवा तैनात असलेल्या सैनिकाला घरून पाठवलेला फराळ.

आमच्या मुरगूड भागात हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कागल तालुक्यातलं कुठलंही गाव घ्या, चारदोन घरांत कुणीतरी फौजेत आहे किंवा होतं. निपाणीवरून पुढे गेलं की बेळगाव, आणि बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून आहे. तिकडे शिरोळ तालुक्यात टाकळी गावाच्या नावालाच 'सैनिक' हा शब्द चिकटला. तेव्हा पार्सलवर 'मार्फत ५६ एपीओ' असा पत्ता लिहिणं आमच्याकडे पिढ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. या पत्त्याची गंमत लक्षात घ्या. त्यात गाव नाही, राज्य नाही, देशसुद्धा नाही. डबा नेमका कुठे जाणार आणि किती दिवसांनी पोचणार, हे पाठवणाऱ्या बाईला कळत नाही. इतिहासाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे, कारण किती दिवस लागतील हे माहीत नसताना काय पाठवायचं, हा निर्णय तिला स्वयंपाकघरात घ्यावा लागतो.

मी मूळची विज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे सुरुवात रसायनापासून करते. इतिहासवाल्यांनी कंटाळू नये, पुढे याचा उपयोग आहे.

फराळ बिघडतो म्हणजे काय होतं? मराठीने याचं वर्गीकरण प्रयोगशाळेच्या आधीच करून ठेवलंय. चिवडा *सादळतो*. करंजी *खवट* होते. आणि ओलं राहिलेल्या पदार्थाला *बुरा* येतो. तीन शब्द, आणि तीन वेगळ्या प्रक्रिया. सादळणं म्हणजे हवेतली वाफ कोरड्या पदार्थात शिरणं. कुरकुरीतपणा जातो, पण पदार्थ खाण्यालायक असतो, कढईत पुन्हा परतला की बराचसा सुधारतो. खवट होणं म्हणजे स्निग्धांशाचं विघटन, बहुतेक वेळा हवेतल्या ऑक्सिजनमुळे. हे परत फिरवता येत नाही. बुरा म्हणजे बुरशी, आणि तिला पाणी लागतं. पदार्थातलं सूक्ष्मजीवांना वापरता येईल असं पाणी शून्य ते एक या मापात मोजतात, त्याला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. ते ०.६ च्या खाली गेलं की बुरशीसुद्धा वाढत नाही. नीट तळलेली चकली, शंकरपाळी, कडक शेव या मापात त्याच्या बऱ्याच खाली असतात. म्हणजे बुरशीचा प्रश्न कढईतच मिटतो. उरतात सादळणं आणि खवटणं.

पहिल्याला उपाय हवाबंद डबा. दुसऱ्याला उपाय चांगलं तूप, अंधार आणि थंडावा. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा प्रक्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय तांब्याचे अंश स्निग्धांशाला फार लवकर बिघडवतात. कल्हई उडालेल्या भांड्यात तळण करू नये असं जुन्या बायका म्हणायच्या, त्याला हेही एक कारण आहे. (मुख्य कारण अर्थातच आंबट पदार्थ कळकतो हे.)

एवढं भांडवल घेऊन आता १९१४ सालात जाऊ.

६ नोव्हेंबर १९१४ रोजी हिंदुस्थानी सैन्याची सहावी डिव्हिजन, म्हणजे पूना डिव्हिजन, इराणी आखाताच्या टोकाला फाव इथे उतरायला लागली. मेसोपोटेमिया, आजचा इराक. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. पुढच्या वर्षी ही फौज टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने सरकत गेली. १९१५ ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. त्या वेळी ही फौज अझीझिया नावाच्या नदीकाठच्या तळावर होती. पंधरा दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, टेसिफॉनची लढाई झाली, फौजेला माघार घ्यावी लागली, आणि ७ डिसेंबरला ती कूत-अल-अमारा या गावात वेढली गेली.

इथे थांबा आणि संशोधकासारखा प्रश्न विचारा. अझीझियाच्या तळावर मुंबई इलाख्यातल्या कुठल्या घरातली चकली पोचली असेल का?

रसायन म्हणतं, शक्य आहे. झाळलेल्या पत्र्याच्या डब्यात चकली महिनाभर टिकते. नोव्हेंबरातली इराकमधली हवा कोरडी आणि रात्री थंड, म्हणजे फराळाला मानवणारी. धोका वाटेत आहे. सप्टेंबरातली मुंबईची दमट हवा, जहाजाचा तापलेला तळ, बसऱ्याचा धक्का. आणि खरी अडचण त्याच्याही पुढे. बसऱ्याहून वर जायला उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटी लागत, आणि त्या इतक्या कमी होत्या की औषधं आणि जखमींची ने-आणसुद्धा कोलमडली. १९१७ साली मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला तेव्हा या दळणवळणाच्या गोंधळावर ब्रिटनमध्ये मोठं वादळ उठलं. जिथे पट्ट्या-बँडेज वेळेवर पोचत नव्हतं, तिथे कुणाच्या आईचा डबा बोटीवर कितव्या क्रमांकाला असेल, याचा अंदाज करा.

तुमच्या वहीत तीन रकाने आखा: *शक्य*, *संभाव्य*, *नोंद असलेलं*. चकली पोचणं शक्य होतं. बोटींची अवस्था बघता ते फारसं संभाव्य नव्हतं. तिसऱ्या रकान्यात मात्र फक्त सापडलेला कागद जातो. प्रबंधात सगळ्यात जास्त चुका पहिल्या रकान्यातली गोष्ट गुपचूप तिसऱ्यात सरकवल्यामुळे होतात. विषय जिव्हाळ्याचा असला की तर हमखास. आपल्या आजीच्या आजीने डबा पाठवला असावा असं आपल्याला *हवं* असतं.

तिसऱ्या रकान्यात काय आहे ते बघू. १९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजाची सतरा वर्षांची मुलगी, राजकन्या मेरी, हिच्या नावाने निधी उभारून आघाडीवरच्या सैनिकांना पितळेची नक्षीदार पेटी पाठवली गेली. एकूण २५ लाखांहून जास्त लोकांना ती मिळाली. ब्रिटिश सैनिकाच्या पेटीत तंबाखू आणि सिगारेट. हिंदी सैनिकांसाठी वेगळा विचार केला होता: शिखांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी, बहुतेक इतर हिंदी सैनिकांना सिगारेट, खडीसाखर आणि मसाल्याची डबी, भिश्त्यांना नुसती मसाल्याची डबी. ही यादी मला फार बोलकी वाटते. खडीसाखरेत स्निग्धांश नाही, त्यामुळे खवटण्याचा प्रश्न नाही. ती लवकर पाणी धरत नाही. आणि त्यात पीठ नाही, तूप नाही, म्हणजे 'कुणाच्या हातचं' हा प्रश्नही बोथट होतो. रसायन आणि जात, दोन्ही परीक्षांत पास होणारा पदार्थ कुणीतरी विचार करून निवडला, असं माझं मत आहे. हा प्रश्न तेव्हा किती खरा होता ते ब्रायटनमध्ये दिसतं. तिथल्या राजवाड्यात जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं आणि जातधर्मानुसार नऊ वेगळी स्वयंपाकघरं चालवली जात होती.

मसाल्याच्या डबीचं तर आपल्याकडे कुणाला कौतुक सांगायला नको. कोल्हापूरचा माणूस परगावी जाताना आधी चटणीची पिशवी बांधतो. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे 'चटणी' म्हणजे उन्हाळ्यात वर्षभराची करून ठेवलेली कांदा-लसणाची.)

याशिवाय ऑक्टोबर १९१४ मध्ये लंडनला 'इंडियन सोल्जर्स फंड' सुरू झाला आणि मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने बायकांची मदत समिती उभी राहिली. या सगळ्यांच्या नोंदी आहेत, कारण त्यांनी हिशेब ठेवले. घरच्या डब्याला हिशेब नसतो. तो खाल्ला जातो आणि संपतो, आणि जिने तो केला तिचं नाव कुठल्याच रजिस्टरात चढत नाही. सरकारी दप्तर पलटणीच्या क्रमाने लावलेलं असतं, घराच्या क्रमाने नाही.

एक सावधगिरीची सूचना. हिंदी सैनिकांची पत्रं म्हटली की सगळे डेव्हिड ओमिसी यांच्या १९९९ च्या संकलनाकडे जातात. जावंच. पण ती मुख्यतः फ्रान्समधल्या टपाल तपासणीतून आलेली पत्रं आहेत, तपासणाऱ्यांनी निवडलेली आणि इंग्रजीत उतरवलेली. मराठा पलटणी मोठ्या संख्येने मेसोपोटेमियात होत्या. तेव्हा त्या संकलनात मराठी आवाज कमी दिसला म्हणून मराठी शिपाई घरी लिहीत नव्हता असा निष्कर्ष काढू नका. कागद कुठे गोळा झाला यावरून इतिहासात कोण दिसेल ते ठरतं.

आता कूतचा वेढा. १४७ दिवस चालला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार लोक शरण गेले. शेवटच्या पंधरवड्यात विमानांतून धान्याची पोती टाकली गेली, एकूण साधारण साडेसात टन. वेढलेल्या फौजेला हवाई मार्गाने अन्न पुरवण्याचा इतिहासातला हा पहिलाच मोठा प्रयत्न होता. तेवढ्याने भागण्यासारखं नव्हतंच. पण मला सांगायचंय ते भुकेपलीकडचं आहे.

कूतमध्ये एकाच गावात, एकाच वेळी, दोन वेगळे रोग पसरले. ब्रिटिश सैनिकांना बेरीबेरी, हिंदी सैनिकांना स्कर्व्ही. ब्रिटिश सैनिक पांढऱ्या मैद्याचा पाव खात होते, त्यात कोंडा नाही, म्हणून बी-१ जीवनसत्त्व नाही. पुढे मैदा संपला, त्यांच्याही वाट्याला आटा आणि जवाचं पीठ आलं, आणि बेरीबेरी ओसरली. हिंदी सैनिक आधीपासून आटा खात होते, त्यामुळे ते बेरीबेरीतून सुटले. पण ताजी भाजी नव्हती, आणि घोड्याचं मांस खायला बहुतेकांनी फार उशिरापर्यंत नकार दिला. ताज्या मांसात थोडंफार सी जीवनसत्त्व असतं, ते मिळालं नाही. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उघडल्या. 'व्हिटामिन' हा शब्द कॅसिमिर फुंकने १९१२ मध्ये काढला होता, पण सी जीवनसत्त्व वेगळं काढायला अजून पंधरा-वीस वर्षं होती. वेढ्यातल्या डॉक्टरांना परिणाम दिसत होता, रेणू दिसत नव्हता.

आता आपला डबा पुन्हा उघडू. समजा विमानातून फराळ टाकला असता. लाडू, चकली, शंकरपाळी: उष्मांक भरपूर, मन क्षणभर मुरगूडला, साताऱ्याला, रत्नागिरीला. पण स्कर्व्ही गेली नसती. ज्या तळण्या-भाजण्यामुळे फराळ टिकतो, त्यानेच त्यातलं सी जीवनसत्त्व नष्ट होतं. टिकणं आणि ताजेपणा हे इथे एकमेकांच्या विरोधात आहेत.

मग महिनाभर प्रवास करून ताजं राहील असं काही होतं का? होतं, आणि ते आपल्याच घरात होतं. कडधान्य. १९१७ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोघींनी सैन्याच्या शिध्यातल्या पदार्थांची बेरीबेरी आणि स्कर्व्हीच्या दृष्टीने तपासणी प्रसिद्ध केली. कोरड्या वाटाण्यात-मसुरात स्कर्व्ही रोखणारं काही नाही. तेच चोवीस तास भिजवून, दोन दिवस मोड आणून दिलं तर रोग रोखला जातो. मोड येताना बी स्वतःच सी जीवनसत्त्व तयार करतं. मेसोपोटेमियात १९१६ साली हजारो हिंदी सैनिक स्कर्व्हीने इस्पितळात होते, त्यांच्यासाठी ही शिफारस सोन्यासारखी होती. कोरडी मटकी पोत्यात भरा, जहाजात टाका, सहा महिन्यांनी पाण्यात घाला. फडक्यात बांधून मोड आणणं ही गोष्ट कोल्हापूरकडच्या कुठल्याही बाईला शिकवावी लागली नसती. शिध्याची कोष्टकं बनवणाऱ्या कार्यालयात तिला कुणी विचारलं नाही, एवढंच. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वात मोठा संशोधनप्रश्न इथे आहे, फराळात नाही. ज्याला विषय सापडत नसेल त्याने हा घ्यावा.

जरा बाहेर बघू. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 'अँझॅक बिस्किट' हा राष्ट्रीय जिव्हाळ्याचा पदार्थ आहे. ओट, लोणी, साखरेचा घट्ट पाक, आणि अंडं नाही. गोष्ट अशी सांगतात की गॅलिपोलीवरच्या मुलांना आयाबहिणी ही बिस्किटं पत्र्याच्या डब्यात भरून पाठवत. रसायन अगदी बरोबर आहे, अंडं नसलेलं कोरडं बिस्किट लांबचा प्रवास सोसतं. पण त्या नावाने छापील पाककृती शोधायला गेलं तर आजची ओळखीची कृती युद्ध संपत आल्यावर आणि त्यानंतरच नीट दिसायला लागते. बायका खाऊ पाठवत होत्या हे खरं. तो *हाच* खाऊ होता, हे नंतर चिकटलेलं. आपल्या फराळाबाबतही हा सापळा आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं आहे, ते जरूर बघा, पण ते वाचणाऱ्या, शहरी घरांसाठी होतं. पलटणीत जाणारी मुलं शेतकऱ्यांची. आज दुकानात 'पारंपरिक फराळ' म्हणून जे दहा जिन्नस दिसतात ते १९१५ सालच्या कागलातल्या शेतकऱ्याच्या घरी दिवाळीला होते असं धरून चालू नका. कानवले, तिखटमिठाच्या पुऱ्या, घरच्या गुळाचं काहीतरी, इथून सुरुवात करा. आणि गूळ प्रवासाला वाईट, तो पाणी ओढतो आणि चिकट होतो, हेही लक्षात ठेवा.

दुसऱ्या महायुद्धात चित्र बदलतं. मराठा पलटणी आफ्रिकेत आणि इटलीत होत्या. यशवंत घाडगे (जुलै १९४४, मरणोत्तर) आणि नामदेव जाधव (एप्रिल १९४५) यांना इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पत्त्याची आणि लष्करी टपालाची व्यवस्था आता पक्की झाली होती, पण घरात साखर नव्हती. मुंबईत मे १९४३ पासून रेशनिंग सुरू झालं. जून १९४२ मध्ये तोब्रूक पडलं तेव्हा पाचव्या मराठाची दुसरी बटालियन कैदेत गेली. अशा हिंदी युद्धकैद्यांसाठी लंडनच्या इंडियन कम्फर्ट्स फंडाने १५ लाखांहून जास्त अन्नाची पार्सलं बांधली. आटा, डाळ, मसाला. तीस वर्षांपूर्वीची खडीसाखर जाऊन आता पूर्ण जेवणाचं सामान आलं, हा बदल बारकाईने बघण्यासारखा आहे. आणि घरात एक नवी वस्तू आली होती: १९३७ पासून बाजारात असलेला डालडा, आणि त्याचा रिकामा डबा. वनस्पती तूप तेलापेक्षा हळू खवटतं, आणि डब्याला घट्ट झाकण. पुढच्या चाळीस वर्षांच्या पार्सलांचा इतिहास या डब्यावाचून लिहिता येणार नाही.

शेवटी एक तोंडी साधन. मुरगुडात मी ज्या वयस्क बायकांशी बोलले त्यांच्यात एका आजींचे मालक १९८७ ते १९९० च्या काळात श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर होते. मी विचारलं, "आजी, दिवाळीला काय पाठवायचा?" त्या म्हणाल्या, "लाडू. चिवडा एकदा धाडला, तर सादळून गेला म्हणून पत्र आलं. मग बंद केला." मग सावकाश बाकीचं आलं. डालड्याचा डबा उन्हात तापवून घ्यायचा. लाडूंवर कागद, मग झाकण, झाकणाच्या कडेला कणकेचा लेप. वरून मांजरपाटाची पिशवी दाभणाने शिवायची. पत्ता धाकट्या दिराने लिहायचा, कारण त्याचं अक्षर चांगलं. आणि नानकटाई? ती बेकरीत. पीठ, डालडा, पिठीसाखर घरून न्यायची, पत्रे बेकरीवाल्याचे, आणि भट्टीपाशी आपल्या पाळीची वाट बघत बसायचं. त्यांच्या तोंडून 'वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी' येणार नाही, पण डबा तापवून घेणं म्हणजे आतली ओल काढणं, हे त्यांनी केलेलंच आहे.

बघा, "फराळ पाठवायचात का?" असं विचारलं असतं तर "हो" एवढंच उत्तर आलं असतं. "कुठलं पाठवणं बंद केलंत?" हा प्रश्न जास्त देतो. बंद केलेल्या पदार्थामागे एक बिघडलेलं पार्सल असतं, एक पत्र असतं, आणि बहुतेकदा एक साल असतं. मुलाखतीत ते पत्र जपून ठेवलंय का तेही विचारा, आणि डबा अजून आहे का तेही. आमच्याकडे अशा डब्यांत अजून डाळी ठेवतात.

गावांत फिरताना चावडी, शाळा, देवळाची भिंत बघत जा. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले आणि त्यांतले इतके मेले, अशा मजकुराची दगडी पाटी अनेक ठिकाणी अजून आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातल्या मृतांचा आकडा ४६ आहे. पाटीवर आकडा असतो, सहसा नावंही नसतात. त्या आकड्याला घरांशी जोडायचं असेल तर ग्रामपंचायत, पेन्शनचे कागद आणि सैनिक कल्याण कार्यालय अशी फेरी मारावी लागते. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस त्यासाठी उत्तम. घराघरांत कढई चुलीवर असते, आणि हात कामात असले की बायका मोकळ्या बोलतात. फक्त रेकॉर्डर कढईपासून लांब ठेवा, तळणाच्या आवाजात अर्धं बोलणं ऐकू येत नाही.